नाव झाकलेली खोली

‘लिलाव’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की, तो मूळचा आपल्या घरचा नव्हे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. सावकाराने अमक्याच्या घरादाराचा लिलाव केला, तमक्याच्या भांड्याकुंड्यांवर लिलावाची पाळी आली, असे आपले आजे-पणजे बोलत आले. परंतु पाव, बटाटा आणि चावी ह्यांच्याप्रमाणेच हाही पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरलेला पाहुणा आहे. पोर्तुगीज भाषेत त्याला ‘लेइलांव’ म्हणतात, आणि त्यांनी तो अरबांकडून उसना घेतला. अरबी मुळाचा अर्थ आहे जाहीर करणे, सर्वांना कळवणे. गोव्याच्या वाटेने तो मराठीत आला आणि येथलाच होऊन राहिला.

जाहीर करणे हा लिलावाचा आत्मा होय. आज मला मात्र एका अशा लिलावाची हकीकत सांगायची आहे, की जेथे जाहीर असे काहीच नव्हते. विकणाऱ्याचे नाव झाकलेले, इतरांच्या बोली झाकलेल्या, आणि माल म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवरच्या हॉटेलांतील रिकाम्या खोल्या. बोली लावणारा हजारो मैलांवर आपल्या घरी संगणकासमोर बसलेला. १९९८ साली अमेरिकेत हा खेळ सुरू झाला, सुमारे वीस वर्षे चालला आणि मग फारसा गाजावाजा न होता आटोपला. मी शाळामास्तर आणि कादंबऱ्या लिहिणारा मनुष्य; अर्थशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण किंमत म्हणजे काय, ती कोण ठरवतो, आणि खरे बोलणाऱ्याचे बाजारात काय होते, हे प्रश्न मास्तरालाही पडतातच. त्यांची काही उत्तरे मला ह्या विसरल्या गेलेल्या लिलावात सापडली; तीच वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम जुन्या गोव्याकडे वळू. यान हायगेन व्हान लिन्सखोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ साली गोव्याला आला आणि तेथल्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून काही वर्षे राहिला. त्याचे प्रवासवर्णन १५९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात गोव्याच्या मुख्य रस्त्यावर, म्हणजे ‘रूआ दिरैता’वर, रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन आहे. रविवार आणि सणाचे दिवस सोडून हा बाजार नित्य भरे. अरबी घोडे, गालिचे, मसाले, मेलेल्या माणसाची मालमत्ता असे सारे तेथे हातोहात विकले जाई; मयत मनुष्य खुद्द व्हाइसरॉय असला तरी त्याच्या सामानाची सुटका नसे. आणि ह्याच गर्दीत गुलाम स्त्रीपुरुषही उभे केले जात. लिलाव जाहीर असला म्हणजे तो न्यायाचा असतोच असे नाही, हे ह्या एका गोष्टीवरून ध्यानी यावे. भाव उघड होता. ज्याचा भाव होत होता त्याला मात्र कोणी काही विचारीत नव्हते.

आपल्याकडेही जाहीर विक्रीची रीत फार जुनी. घर, शेत, तळे अशी स्थावर मालमत्ता विकताना शेजाऱ्यांसमक्ष ‘ह्या किमतीला कोण घेतो?’ असे तीनदा पुकारावे, असे कौटिल्याचे अर्थशास्त्र सांगते. एवढे सांगून तो व्यवहारी ब्राह्मण थांबत नाही. घेणाऱ्यांच्या चढाओढीने किंमत वाढली, तर ती वाढीव रक्कम करासह राजाच्या कोशात जावी असाही दंडक तो घालून देतो. चढाओढीचा फायदा कोणाच्या खिशात जावा हा प्रश्न इतका जुना आहे! हवाईच्या खोल्यांपाशी तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

उघड बोलीच्या जोडीला झाकली बोलीही आपल्याला अपरिचित नाही. गुरांच्या बाजारात दोन माणसे हातात हात घालून उभी राहात, हातांवर उपरणे किंवा रुमाल टाकीत, आणि आत बोटे दाबून भाव ठरवीत. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी एकालाही आकडा कळत नसे. बैलाचा मालक मात्र कित्येकदा बाजूलाच ताटकळत असे, आणि दलालाने सांगितलेला आकडा मुकाट्याने मान्य करी. रुमालाखाली काय झाले हे फक्त त्या दोन हातांना ठाऊक. वाचकहो, हा रुमाल लक्षात ठेवा. तो पुढे लागेल.

आता कोणी म्हणेल, बोली कशाला आणि घासाघीस कशाला? वस्तूवर किंमत लिहावी, ज्याला परवडेल त्याने घ्यावी, हे सरळ. पण ही सरळ रीत वाटते तितकी जुनी नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या लोकांनी असा आग्रह धरला की, जी किंमत घ्यायची तीच तोंडाने सांगावी. आधी चढी सांगून मग उतरणे म्हणजे खोटे बोलणे होय. लहान मूल दुकानात पाठवले तरी त्याला मोठ्या माणसाच्याच भावाने माल मिळावा, ही त्यामागची भावना. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिस आणि अमेरिका येथील मोठमोठ्या दुकानांनी हीच रीत उचलली. फिलाडेल्फियाच्या जॉन वॉनामेकरने १८७६ साली एका जुन्या रेल्वे मालधक्क्याच्या जागेत प्रचंड दुकान थाटले आणि एकच भाव, तोही चिठ्ठीवर लिहिलेला, असा पायंडा रूढ केला. घासाघीस हळूहळू गावंढळपणाची खूण ठरली. अमेरिकन मनुष्य भावाची चिठ्ठी वाचायला शिकला आणि भाव करायला विसरला.

परंतु काही माल असा असतो की, त्याच्यावर चिठ्ठी टिकत नाही. हॉटेलची खोली हा त्यांतला एक. आज न विकलेले लुगडे उद्या विकता येते. आज न विकलेली भाजी संध्याकाळी निम्म्या भावात तरी जाते. पण आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या कोणी घेतली तरी आजची रात्र काही परत येत नाही. सूर्योदयाबरोबर तो माल नष्ट होतो. विमानातल्या रिकाम्या खुर्चीचेही तसेच. अशा मालाला एकच भाव लावला तर गर्दीच्या दिवशी मालक कमी पैसे घेतो आणि सुन्या दिवशी त्याचा माल सडतो.

अमेरिकन सरकारने १९७८ साली विमानभाड्यांवरचे नियंत्रण काढून टाकण्याचा कायदा केला. स्वस्त भाड्याच्या नव्या कंपन्या निघाल्या. त्यांना तोंड देण्यासाठी १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या रॉबर्ट क्रँडल ह्यांनी एक तोड काढली. आधी तिकीट काढणाऱ्या हौशी प्रवाशाला अगदी स्वस्त खुर्ची द्यायची, आणि ऐनवेळी येणाऱ्या व्यापारी प्रवाशासाठी काही खुर्च्या चढ्या भावाने राखून ठेवायच्या. कोणत्या भावाच्या किती, हा हिशेब संगणकाने करायचा. पीपल एक्सप्रेस ही त्यांची स्वस्त प्रतिस्पर्धी कंपनी पुढे दोन वर्षांत दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन नाहीशी झाली. ही विद्या मग मॅरियटसारख्या हॉटेलवाल्यांनीही आत्मसात केली. एकाच मजल्यावरच्या शेजारशेजारच्या दोन खोल्या निरनिराळ्या भावांनी विकल्या जाऊ लागल्या.

तरी एक पेच उरलाच. दोनशे डॉलरची खोली ऐंशीला द्यायची हॉटेलवाल्याची तयारी आहे, पण हे त्याने पाटी लावून सांगितले, तर दोनशे देणारा गिऱ्हाइकही ऐंशीच देईन म्हणेल. शिवाय नावाची शोभा जाते ती वेगळीच. म्हणजे स्वस्त तर विकायचे आहे, पण विकले हे कोणाला कळता कामा नये. रुमालाची गरज होती ती येथे.

ह्या पेचाला वाइकीकीइतके योग्य ठिकाण शोधून सापडले नसते. होनोलुलू शहराला लागून असलेला हा किनारा एके काळी पाणथळ होता. हवाईच्या मूळ रहिवाशांची अळवाची शेती तेथे पिके. त्या अळवाचे कंद हेच त्यांचे मुख्य अन्न. पुढे भातखाचरे आणि बदकांची तळी आली. १८९३ मध्ये अमेरिकन व्यापारी आणि मळेवाले ह्यांनी हवाईच्या राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केले, आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे आपल्या राज्यास जोडली. १९०१ मध्ये वाइकीकीच्या वाळूवर मोआना हे पहिले मोठे हॉटेल उभे राहिले. १९२० नंतरच्या दशकात कालवा खणून पाणथळ जमीन कोरडी केली गेली, अळू आणि भात दोन्ही गेले, आणि १९२७ साली गुलाबी रंगाचे रॉयल हवाईयन हॉटेल उघडले. त्या वेळी तेथे जायचे म्हणजे बोटीने, आणि बोटीचे भाडे धनिकांनाच परवडे.

१९५९ साल हे त्या बेटांच्या इतिहासातले मोठे वळण. त्या वर्षी हवाई अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले, आणि त्याच वर्षी होनोलुलूला जेट विमाने येऊ लागली. त्या साली सुमारे अडीच लाख प्रवासी आले होते. १९६७ मध्ये आकडा दहा लाखांवर गेला, आणि २०१९ मध्ये तो एक कोटी चार लाखांच्या घरात पोहोचला. त्या राज्याची वस्ती जेमतेम चौदा-पंधरा लाख, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या आकड्याचे वजन कळते. किनाऱ्यावर उंच उंच हॉटेले उठली. पण समुद्राला भरती-ओहोटी असते तशी प्रवाशांनाही असते. नाताळापासून मार्चपर्यंत आणि उन्हाळ्याच्या सुटीत गर्दी. एप्रिल-मे आणि सप्टेंबरनंतरचे महिने सुने. त्यात जपानची भरभराट ओसरली, १९९१ चे आखाती युद्ध आले, १९९७-९८ मध्ये आशियातल्या चलनांवर संकट कोसळले. हॉटेले तीच, खोल्या त्याच, आणि झोपायला माणूस नाही!

नेमक्या त्याच वेळी, १९९८ च्या एप्रिल महिन्यात, जे वॉकर नावाच्या उद्योजकाने प्राइसलाइन ही कंपनी इंटरनेटवर सुरू केली. ‘तुमची किंमत तुम्हीच सांगा’ हे तिचे ब्रीद. प्रारंभ विमानाच्या तिकिटांनी झाला. त्याच वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत हॉटेलच्या खोल्याही आल्या. ह्या व्यवहाराच्या पद्धतीचे चक्क पेटंट घेतले होते. ते ऑगस्ट १९९८ मध्ये मंजूर झाले. रुमालाखाली बोटे दाबणाऱ्या आपल्या दलालांना हे कळले असते तर ते पोट धरून हसले असते. विल्यम शॅटनर ह्या नामांकित नटाने जाहिराती केल्या. ३० मार्च १९९९ रोजी कंपनीचा भाग सोळा डॉलरला बाजारात आला आणि त्याच संध्याकाळी एकोणसत्तर डॉलरवर बंद झाला. मग किराणा आणि पेट्रोलही बोलीने विकण्याची टूम निघाली. ती ऑक्टोबर २००० मध्ये गुंडाळावी लागली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस सोळा डॉलरचा तो भाग दोन डॉलरांच्याही खाली घसरला. तांदूळ-साखरेसाठी अंधारात बोली लावत बसायला कोणाला वेळ आहे? पण हॉटेलची खोली टिकली. मौज इथेच आहे.

तिची रीत अशी होती. गिऱ्हाइकाने गाव आणि गावातला विभाग निवडायचा, तारखा सांगायच्या, आणि हॉटेल किती ताऱ्यांचे हवे ते सांगायचे. हॉटेलचे नाव मात्र निवडता येत नसे. मग आपली किंमत लिहायची आणि आपल्या क्रेडिट कार्डाचा आकडा आधीच देऊन टाकायचा. तिकडे हॉटेलांनी आपले कमीत कमी दर कंपनीला गुपचूप कळवलेले असत. बोली त्या दरांत बसली की तत्क्षणी पैसे वळते होत, आणि मगच हॉटेलचे नाव उघडे पडे. पसंत नसले तरी पैसे परत नाहीत, तारीख बदलणे नाही. दोन माणसे झोपतील एवढी हमी; पलंग एक की दोन, खिडकीतून समुद्र दिसेल की मोटारींचा तळ, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. बोली फुकट गेली तर त्याच मागणीवर चोवीस तास पुन्हा बोलता येत नसे; मात्र विभाग किंवा तारे बदलले तर लगेच बोलायला मुभा असे.

ह्या शेवटच्या मुभेतून लोकांनी वाट काढली. माझा एक थोरला आतेभाऊ त्या काळी कॅलिफोर्नियात नोकरीस होता. २००३ साली आत्या आणि काका त्याच्याकडे गेले असताना त्याने त्यांना चार दिवस वाइकीकीला नेले. पुढे इकडे आल्यावर त्याने आम्हाला बोलीची सारी कथा ऐकवली. सत्तर डॉलरपासून त्याने सुरुवात केली, नकार आला. मग त्याने बेटावरचा असा एक विभाग मागणीत जोडला की, जेथे त्या ताऱ्यांचे हॉटेल मुळीच नव्हते. म्हणजे नको त्या ठिकाणी खोली मिळण्याची भीती नाही आणि चोवीस तास थांबायला नको. ऐंशी म्हटले, नकार. असाच आणखी एक विभाग जोडून नव्वद म्हटले, होकार!

“पण दादा,” मी विचारले, “तू किती द्यायला तयार होतास?”

“एकशेचाळीस,” तो म्हणाला, “पण ते मनात ठेवायचे. तोंडाने सांगितले की गेले.”

आत्या शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “मेथीची जुडी घ्यावी तशी खोली घेतली रे ह्याने! लिफ्टमध्ये एक जोडपे भेटले; त्यांनी दुप्पट दिले होते. पण त्यांना समुद्र होता, आम्हाला समोरच्या इमारतीची भिंत. मी म्हटले, समुद्र ऐकू येतोय ना, पुरे.”

आत्याच्या ह्या बोलण्यात त्या व्यापाराचे मर्म आले आहे असे मला वाटते. तिच्या खोलीतली गादी, चादर, पंखा आणि पाणी त्या जोडप्याच्या खोलीसारखेच होते. त्यांनी जे जादा पैसे मोजले ते आधी जाणण्याचे आणि निवडण्याचे. माझ्या आतेभावाने तेवढे सोडून दिले आणि उरलेली खोली घेतली. हॉटेलने नाव झाकून घेतले होते ते गिऱ्हाइकाला फसवण्यासाठी नव्हे, तर आपल्या दुसऱ्या गिऱ्हाइकांपासून लपण्यासाठी. वस्तूच्या किमतीत नावाची किंमत किती असते ह्याचा इतका चोख हिशेब क्वचितच कोणी मांडला असेल.

पण ‘मनात ठेवायचे, तोंडाने सांगितले की गेले,’ हे त्याचे वाक्य मात्र माझ्या मनातून जाईना. समजा, हॉटेलचा झाकलेला दर पंच्याहत्तर आहे. गिऱ्हाइकाने प्रामाणिकपणे आपली खरी ऐपत सांगितली, एकशेचाळीस. तर त्याचे एकशेचाळीसच कापले जात. हॉटेलला त्याचे पंच्याहत्तर मिळत, आणि मधले पासष्ट कंपनीचे. कौटिल्याने जी वाढ राजाच्या कोशात घातली होती ती येथे दलालाच्या पेटीत गेली. तुमची किंमत तुम्ही सांगा, ह्या आमंत्रणाचा अर्थ असा की, जो खरे सांगेल त्याला दंड. वर्गात मुलांना खरे बोला म्हणून सांगणाऱ्या माझ्यासारख्याला हे टोचल्यावाचून कसे राहील?

आणि असे असलेच पाहिजे असेही नाही. कोलंबिया विद्यापीठात एक प्राध्यापक होते. आडनाव उच्चारायला अगदी आपल्या ‘विक्री’सारखे, विल्यम विक्री. त्यांनी १९६१ साली एका निबंधात दाखवून दिले की, झाकल्या बोलीतही खरे बोलणे फायद्याचे करता येते. सर्वांनी बंद पाकिटात आपली बोली द्यावी. सर्वांत मोठी बोली असेल त्याला वस्तू मिळावी, पण पैसे त्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढेच द्यावेत. असे केले की कोणालाही आपली ऐपत लपवण्याचे कारण उरत नाही. कारण तुम्ही काय देता हे तुमच्या बोलीवर ठरत नाही, शेजाऱ्याच्या बोलीवर ठरते. ह्या विषयातील कार्यासाठी त्यांना १९९६ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून जाहीर झाले, आणि त्या घोषणेनंतर तीनच दिवसांनी त्यांचे निधन झाले. खऱ्याला दंड न करणारा बाजार मांडता येतो हे छापून सदतीस वर्षे झाल्यावर खोल्यांचा हा बाजार भरला. आणि त्याने नेमकी उलट रीत पत्करली, कारण दलालाचा नफा त्या उलट रीतीतच होता.

अर्थात गिऱ्हाइकेही स्वस्थ बसली नाहीत. कोणी कुठल्या तारखेला किती बोलीत कुठली खोली मिळवली हे ती एकमेकांना सांगू लागली. असे दहा जणांचे आकडे हाती आले की, झाकलेले हॉटेल कोणते आणि त्याचा दर काय, ह्याचा अंदाज बांधता येई. रुमाल होता तेथेच होता. पण बघ्यांनी बोटांच्या हालचालीवरून आकडा ओळखायला सुरुवात केली. एकट्या गिऱ्हाइकाला दलाल भारी पडतो. गिऱ्हाइके आपसांत बोलू लागली की तराजू थोडा तरी सरळ होतो.

हॉटेलवाल्यांनीही आपला तोटा दुसऱ्या वाटेने भरून काढला. खोलीच्या भाड्याशिवाय रोजचा एक सक्तीचा आकार, पोहण्याचा तलाव, टॉवेल, टेलिफोन अशा नावांखाली, तेथे पोहोचल्यावर वसूल होई. बोलीत तो धरलेला नसे. नव्वदला जिंकलेली खोली प्रत्यक्षात नव्वदची राहात नसे. ह्या लपवाछपवीविरुद्ध अमेरिकेत पुष्कळ वर्षे ओरड झाली. अखेर तेथील फेडरल ट्रेड कमिशनचा नियम १२ मे २०२५ पासून लागू झाला, आणि सर्व सक्तीचे आकार धरून एकूण किंमत आधीच दाखवणे हॉटेलांना भाग पडले. क्वेकरांनी सतराव्या शतकात सांगितलेली गोष्ट एकविसाव्या शतकात कायद्याने पुन्हा सांगावी लागली.

आणखी एक मनुष्य ह्या साऱ्या व्यवहारात उभा होता, ज्याची बोली कोणी विचारलीच नाही. खोली दोनशेला गेली काय आणि नव्वदला गेली काय, चादर तेवढीच बदलावी लागते, न्हाणीघर तेवढेच घासावे लागते. हवाईत घरभाडे आणि धान्य दोन्ही फार महाग. पुष्कळसे सामान समुद्रावरून येते. खोल्या झाडणाऱ्या बायकांना एका नोकरीत संसार भागवणे कठीण. ऑक्टोबर २०१८ मध्ये वाइकीकीतील चार आणि माउई बेटावरील एक अशा पाच हॉटेलांतील सुमारे २,७०० कामगारांनी संप पुकारला. ‘एकच नोकरी पुरेशी असली पाहिजे’ ही त्यांची मागणी. संप एक्कावन्न दिवस चालला आणि वेतनवाढ पदरात पडल्यावर मिटला. त्या पाचांत १९०१ चे मोआना होते आणि १९२७ चे गुलाबी रॉयल हवाईयनही होते. आपली किंमत आपण सांगावी हे ब्रीद खऱ्या अर्थाने कोणी पाळले असेल, तर माझ्या मते ह्या कामगारांनी. आणि त्यांनी ती रुमालाखाली सांगितली नाही, रस्त्यावर उभे राहून जाहीरपणे सांगितली.

बोलीचा तो खेळ तोवर उतरणीला लागला होता. प्राइसलाइनने २००५ साली नेदरलँड्समधली बुकिंग ही कंपनी तेरा कोटी तीस लाख डॉलरला विकत घेतली. एका डच तरुणाने १९९६ मध्ये सुरू केलेल्या त्या धंद्याची रीत साधी होती. हॉटेलचे नाव उघड, भाव उघड, बहुधा पैसे तेथे गेल्यावर द्यायचे, आणि कंपनीने हॉटेलकडून आपली दलाली घ्यायची. ही उघडी रीत झाकल्या रीतीपेक्षा कितीतरी जास्त कमावू लागली. जानेवारी २०१२ मध्ये एका जाहिरातीत शॅटनरचे ते घासाघीस करणारे पात्र पुलावरून कोसळणाऱ्या बसबरोबर नाहीसे केले गेले; आता बोली लावायची गरज नाही, हे लोकांना सांगण्यासाठी. नट पुढे परत आला, बोली मात्र परतली नाही. २०१६ मध्ये विमानाच्या तिकिटांसाठी ती बंद झाली, मागोमाग इतर मालासाठीही. २०१८ मध्ये मूळ कंपनीने स्वतःचे नावच बदलून ‘बुकिंग होल्डिंग्ज’ असे ठेवले. मुलीचे नाव आईने लावावे, असा हा प्रकार! कोविडच्या साथीत, २०२० मध्ये, हवाईला जेमतेम सत्तावीस लाख प्रवासी आले आणि खोल्या पुन्हा ओस पडल्या. पण तेव्हा त्यांच्यासाठी रुमाल पसरायला कोणी आले नाही.

लोक सांगतात की माणसांना निवड हवी असते, अंधार नको असतो, म्हणून बोली संपली. हे खरेच आहे. परंतु लिलाव संपला असे जर कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. आज आपल्यापैकी कोणी दिवाळीच्या सुटीत गोव्याला किंवा आणखी कोठे जायचे म्हणून मोबाइलवर हॉटेल शोधू लागला, की समोर एकाखाली एक नावे येतात. त्यांतल्या जाहिरातीच्या जागांसाठी त्याच क्षणी हॉटेले आणि दलाल कंपन्या पैशांची बोली लावतात. लिलाव तोच, फक्त उलटा फिरला आहे. पूर्वी खोली मालाच्या जागी होती आणि आपण बोली लावत होतो. आता बोली ते लावतात आणि मालाच्या जागी आपण आहोत, आपली नजर आहे, आपली सुटी आहे. बोली जिंकणाऱ्याने मोजलेले पैसे शेवटी कोणाच्या बिलात चढत असतील हे सांगायला अर्थशास्त्री नको.

गोव्याच्या त्या रस्त्यावर पुकारणारा निदान मोठ्याने ओरडत होता. आजचा पुकारा आपल्याला ऐकू येत नाही, कारण तो आपल्याबद्दलचा असतो. म्हणून माझे एवढेच सांगणे आहे की, नाव उघडे दिसले म्हणजे रुमाल उचलला गेला असे समजू नये. चार ठिकाणी विचारावे, शेजाऱ्याने काय दिले ते विचारावे, आपण काय दिले ते त्याला सांगावे. हवाईच्या खोल्यांच्या बाजारात गिऱ्हाइकांच्या हाती जेवढे काही लागले, ते त्यांच्या चलाखीपेक्षा ह्या साध्या बोलाचालीनेच लागले होते.